उलाळ

दादा, म्हणजे माझे वडील, बैलगाडी भरायला लागले की मी बाजूला उभा राहून त्यांचे हात बघायचो. उसाच्या फडातून आई मोळ्या आणून द्यायची आणि दादा वर रचायचे. अर्धी गाडी भरली की खाली उतरायचे, जू दोन्ही हातांनी धरून वीतभर उचलायचे आणि क्षणभर तसेच थांबायचे. मग पुन्हा वर चढून मागच्या दोन मोळ्या पुढे घ्यायचे, नाहीतर पुढची एखादी मागे सारायचे. बैल जुंपायच्या आधी जू असं हातात तोललं जाई. जू जड लागलं तर गाडी धुरजड, म्हणजे सगळं वझं बैलांच्या मानेवर. जू हलकं लागून आपोआप वर यायला बघत असलं तर गाडी उलाळ. अशी गाडी चढाला लागली की मागं बसते, जू वर जातं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. १९७२ च्या दुष्काळानंतर दादा पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांवर ऊसतोडीला जायला लागले. इतक्या हंगामांत त्यांची गाडी एकदाच उलाळली, रात्रीच्या वेळी, एका ओढ्याच्या चढावर. त्या रात्रीचं ते आजही बोलत नाहीत.

मी पुढे यंत्राची पदविका घेतली आणि माजलगाव तालुक्यात पोरांना कारखान्याचं काम शिकवू लागलो. पाण्यालगत उडणाऱ्या यानांचं वेड मला तिथंच लागलं. इंग्रजीत त्यांना विंग-इन-ग्राउंड इफेक्ट क्राफ्ट म्हणतात आणि रशियनांचा शब्द आहे एक्रानोप्लान. बीड जिल्ह्याला समुद्र नाही, विमानाचा कारखाना नाही, मग हा विषय इथं कुठून आला असं मला नेहमी विचारतात. तो पाणकावळ्यांकडून आला.

सिंदफणेवरचं माजलगावचं धरण जायकवाडी प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यातलं. जायकवाडीची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधींनी धरण राष्ट्राला अर्पण केलं. पैठणच्या उजव्या कालव्याचं पाणी आमच्या धरणापर्यंत येतं. पुढे सिंदफणा मंजरथला गोदावरीला मिळते. हिवाळ्यात सकाळी सातच्या सुमाराला, वारा पडलेला असताना, फुगवट्याच्या काठावर उभं राहिलं की पाणकावळे एका रांगेत पाण्यावरून जाताना दिसतात. पाण्यापासून वीतभर, फार तर हातभर उंच. पाणकावळ्याचं अंग जड, पंख आखूड. उंच जायचं तर तो सारखे पंख मारतो. पाण्यालगत मात्र मध्येच पंख पसरून स्थिर धरतो आणि बरंच अंतर तसाच सरकतो. खाली पाण्यात त्याची सावली जवळजवळ त्याच्या पोटाला चिकटून चाललेली असते.

त्याला हा फायदा मिळतो त्याची कारणं दोन. पंखाखालची जास्त दाबाची हवा टोकांवरून वर वळते आणि तिथं भोवरे तयार होतात. त्या भोवऱ्यांना ओढत न्यायला ताकद लागते. खाली जमीन किंवा पाणी अगदी जवळ आलं की भोवऱ्यांना फिरायला जागा उरत नाही. शिवाय पंख आणि पाणी यांच्यामध्ये हवा कोंडते आणि तिचा दाब वाढतो. पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतच्या लांबीच्या एक दशांश उंचीवर उडालं तर भोवऱ्यांमुळे होणारा विरोध जवळजवळ निम्म्यावर येतो. तेवढ्याच लांबीइतकं उंच गेलं की फायदा संपला. म्हणजे हे दान फक्त जमिनीजवळ राहणाऱ्यालाच मिळतं.

माणसाला ते पहिल्या दिवसापासून मिळालं होतं, फक्त त्याला नाव नव्हतं. १७ डिसेंबर १९०३ ला राइट बंधूंचं विमान किटी हॉकच्या वाळूवर पहिल्यांदा उडालं, १२ सेकंद आणि १२० फूट. त्याचे पंख ४० फुटांचे आणि उंची साधारण दहा फूट. सगळं उड्डाण जमिनीच्या आधारातच झालं. त्याच दिवशीच्या चौथ्या उड्डाणात विमान ८५२ फूट गेलं, पण सुरुवातीला आणि पुन्हा शेवटाकडे नाक वर-खाली करत होतं आणि तशाच एका हेलकाव्यात जमिनीवर आपटलं. पहिल्याच दिवशी उचल मिळाली होती, तोल मिळाला नव्हता. पाण्यालगतच्या यानांचा पुढचा सगळा इतिहास मला या एका वाक्यातच दिसतो.

१९२१ साली जर्मनीत वीझेल्सबेर्गर यांनी जमिनीजवळच्या पंखाचं गणित मांडलं. डॉर्निएर डीओ एक्स हे बारा इंजिनांचं जर्मन उडतं जहाज १९३१ मध्ये अटलांटिक ओलांडून न्यूयॉर्कला पोचलं, त्यात बराच काळ ते लाटांच्या जवळून उडत होतं. मुद्दाम याच आधारासाठी यंत्र बांधलं ते फिनलंडच्या टोइवो कारिओ यांनी, १९३५ च्या सुमाराला, आणि त्याच्या चाचण्या बर्फावर घेतल्या. गोठलेलं तळं ही कारिओंची प्रयोगशाळा होती. आमचं धरण गोठत नाही, पण नोव्हेंबरच्या सकाळी तेही काचेसारखं असतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर या कामाचे दोन मोठे धागे झाले. एक रशियात आणि दुसरा अमेरिकेत सुरू होऊन जर्मनीत वाढलेला.

रशियातले रोस्तिस्लाव्ह अलेक्सेयेव्ह मूळचे जहाजबांधणीचे अभियंते, शिडाच्या होड्यांचे शौकीन. व्होल्गाकाठच्या गोर्की शहरात त्यांचं काम चाले. १९५७ ची त्यांची राकेता ही पाण्याखाली पंख असलेली प्रवासी बोट नदीवर वेगानं धावू लागली. पण पाण्याखालच्या पंखांना वेगाची मर्यादा असते. म्हणून पंख पाण्याबाहेर काढायचं ठरलं. १९६१ साली त्यांनी एसएम-१ बांधलं, त्याला एकामागे एक असे दोन पंख होते. ते अगदी ठराविक उंचीतच नीट चाले, जरा वर गेलं की बिघडे. अलेक्सेयेव्हनी ती रचना लगेच सोडून दिली. १९६२ च्या एसएम-२ ला एकच पंख आणि मागे खूप उंचावर बसवलेली शेपटी. मला हा निर्णय त्यांच्या सगळ्या कामातला सर्वांत मोठा वाटतो. कॅस्पियन समुद्रावरचं अजस्र यान जगाला माहीत आहे, पण त्याचा तोल त्या लहान यानावर ठरला होता.

ते अजस्र यान म्हणजे केएम. लांबी ९२ मीटर, जास्तीत जास्त वजन ५४४ टन, दहा जेट इंजिनं. आठ पुढे, पंखाखाली हवा फुंकून पाण्यातून सुटायला, आणि दोन शेपटीवर. पाणी सोडतानाच सर्वांत जास्त ताकद लागते, कारण पाणी चिकटून ओढतं. एकदा सुटलं की बरीच इंजिनं बंद करता येत. १९६६ च्या ऑक्टोबरात ते पहिल्यांदा उडालं. अमेरिकी उपग्रहांच्या छायाचित्रांत ते दिसलं तेव्हा तिकडच्या हेरखात्यानं त्याला कॅस्पियनचा राक्षस म्हटलं. डिसेंबर १९८० मध्ये पाण्यावरून उठताना नाक गरजेपेक्षा जास्त वर गेलं, यान आपटलं आणि बुडालं. माणसं वाचली. अलेक्सेयेव्ह त्याच वर्षी फेब्रुवारीत गेले होते.

त्यांच्या ओर्ल्योनोक या यानाची एक हकीकत पोरांना मी दर वर्षी सांगतो. १९७० च्या दशकाच्या मध्यात चाचणी चालू असताना एका लाटेचा तडाखा बसून यानाची शेपटी मागच्या भागासकट तुटून गेली. अलेक्सेयेव्ह स्वतः आत होते. त्यांनी नियंत्रण हातात घेतलं, पुढच्या इंजिनांचा जोर वाढवला आणि उरलेलं यान तळावर आणलं. त्यानंतर त्यांना मुख्य अभियंत्याच्या जागेवरून काढलं. माझ्या मते त्यांच्यावर हा अन्याय झाला. शेपटी गेलेलं यंत्र किनाऱ्याला लावणारा माणूस त्या यंत्राचा तोल बोटांनी ओळखत होता, जसे दादा जू ओळखायचे.

आता हा तोल नेमका कशाचा, ते आमच्याच गोष्टीतून सांगतो.

२०२१ च्या दिवाळीनंतर धरण भरलेलं होतं. मी आणि चार पोरांनी एक नमुना केला. पंख थर्माकोलचा आणि आयताकृती, ९० सेंटिमीटरचा. सांगाडा फोम शीटचा, मोटर ड्रोनची, बॅटरी ड्रोनची, आणि मागे खालीच एक लहान शेपटी. काठावर मासेमारांचे थर्माकोलचे तराफे ओढून ठेवलेले होते. त्यातल्या एकानं आम्हाला पाण्यातल्या जाळ्यांची जागा दाखवली, म्हणजे पंखा त्यात अडकू नये. दादाही आले होते, गमछा डोक्याला बांधून दगडावर बसले होते.

नमुना पाण्यावरून धावला, सुटला, दहा-बारा फूट छान गेला. मग वाऱ्याच्या एका झुळकीनं हातभर वर आला. नाक वर गेलं, आणखी वर गेलं, आणि यान मागच्या मागे उलटून पाठीवर पडलं. पोरं पाण्यात धावली. दादा जागचे हलले नाहीत.

"उलाळली," ते म्हणाले. "मागं वझं झालंय."

आम्ही बॅटरी दोन बोटं पुढे सरकवली. या वेळी नाक पाण्यात शिरलं. "आता धुरजड झाली," दादा म्हणाले. मग बॅटरी बोटबोट मागे घेत गेलो. कुठंतरी मधली जागा असणार अशी माझी खात्री होती. पण ती सापडेना. पाण्याला लागून असताना जी जागा बरोबर वाटे, तीच जागा यान वीतभर वर आलं की उलाळ करी. त्या दिवशी नऊ वेळा यान उलटलं.

रात्री घरी मी वहीत गाडी काढली आणि शेजारी पंख काढला, तेव्हा उलगडलं. गाडीचा आख एका जागी पक्का असतो आणि वझं सरकतं. म्हणून वझं नीट ठेवलं की काम झालं. या यानात वझं पक्कं असतं आणि आखच सरकतो. पंखाची उचल जणू जिथं एकवटते ती जागा पाण्याजवळ मागे, पंखाच्या मध्याकडे जाते, आणि यान वर आलं की पुढे सरकते. आख पुढे गेला की गाडी आपोआप मागून जड होते. म्हणजे वर जाताच यान उलाळतं, उलाळलं की आणखी वर जातं, आणि शेवटी उलटतं. बॅटरी कुठंही ठेवली तरी हे चुकत नाही.

हेच रशियातल्या इरोदोव्ह यांनी १९७० साली नेमक्या शब्दांत मांडलं. इंग्लंडात क्रॅनफिल्डला पी. ई. कुमार यांनी आणि जर्मनीत श्टाउफेनबील यांनीही याच प्रश्नावर काम केलं. त्यांचं म्हणणं आमच्या भाषेत असं की या यानाला दोन आख असतात. उंची बदलल्यानं जी उचल कमी-जास्त होते ती एका जागी लागते, तो उंचीचा आख. नाकाचा कोन बदलल्यानं जी उचल कमी-जास्त होते ती दुसऱ्या जागी लागते, तो कोनाचा आख. उंचीचा आख कोनाच्या आखाच्या पुढे असला पाहिजे. तसा तो असला तर यान चुकून वर गेलं की पुढची उचल कमी होते, नाक खाली येतं आणि यान स्वतःच पूर्वीच्या उंचीला परत येतं. उंचीचा आख मागे राहिला तर वर जाताच मागची उचल कमी होते, शेपटी बसते, नाक वर जातं. साध्या पंखात तो मागेच राहतो. आमचं यान नऊ वेळा उलटलं ते याच कारणानं.

अलेक्सेयेव्हनी एसएम-२ ला शेपटी उंच का केली, त्याचं उत्तरही इथंच आहे. पाण्यापासून दूर असलेल्या शेपटीला उंचीतला बदल जवळजवळ जाणवत नाही, पण कोनातला बदल पुरता जाणवतो. त्यामुळे शेपटी कोनाचा आख मागे ओढते आणि उंचीचा आख आपोआप पुढे राहतो. त्याची किंमत म्हणजे ती शेपटी अवाढव्य लागते. केएमच्या चित्रात ती बघितली की एखादं दुसरं विमान पाठीवर बसल्यासारखी दिसते.

लहान यानाला एवढी शेपटी परवडत नाही. तो मार्ग अलेक्झांडर लिपिश यांनी काढला. महायुद्धात जर्मनीचं मेसरश्मिट १६३ हे रॉकेट विमान त्यांच्या आराखड्यावरचं. युद्धानंतर ते अमेरिकेत आयोवातल्या कॉलिन्स रेडिओ कंपनीत गेले आणि तिथं १९६३ साली एक्स-११२ उडवलं. त्याचा पंख उलट्या त्रिकोणासारखा आहे. पुढची कड सरळ आणि रुंद, मागची कड मध्याकडे निमुळती होत टोकाला येते, आणि पंखाची दोन्ही टोकं खाली झुकलेली. झुकलेल्या टोकांमुळे हवा बाजूनं निसटत नाही. आणि या आकारात दोन्ही आखांची सरकासरक फार थोडी होते, त्यामुळे शेपटी लहान चालते. पुढे जर्मनीत राइन-फ्लुगत्सॉइगबाउ कंपनीबरोबर १९७० साली त्यांचं एक्स-११३ बोडेन सरोवरावर उडालं. १९७६ साली लिपिश गेले आणि पुढच्या वर्षी सहा माणसांचं एक्स-११४ उडालं. अलेक्सेयेव्ह मोठे कारागीर होते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण आपल्यासारख्यांनी शिकायचं ते लिपिशांकडून.

आम्ही तेच केलं. पंख उलट्या त्रिकोणाचा कापला, शेपटी दांड्यावर उंच बसवली आणि तिचं क्षेत्रफळ दुप्पट केलं. पहिल्या फेरीत यान काठाला समांतर पन्नास फूट गेलं. झुळूक आली तेव्हा जरा वर आलं, नाक खाली केलं आणि पुन्हा आपल्या उंचीला बसलं. पोरं ओरडली. दादा उठून उभे राहिले.

दुसऱ्या फेरीत मी वळवायला गेलो आणि डाव्या पंखाचं टोक पाण्यात गेलं. वळताना विमान कलतं, पण पाण्यालगतच्या यानाला कलायला जागाच नसते. म्हणून ते मोठ्ठा फेरा घेऊन सुकाणूवर सपाट वळतं, नाहीतर आधी वर उठून मग कलतं. दुसऱ्या पद्धतीत ते आधाराच्या बाहेर जातं आणि तेव्हा त्याचे आख पुन्हा सरकतात. १९९२ साली कॅस्पियनवर एका ओर्ल्योनोकचं नाक असंच वर-खाली होत गेलं आणि त्या अपघातात एक माणूस दगावला.

गुंटर योर्ग या जर्मन अभियंत्यानं १९७० च्या दशकात वेगळीच वाट धरली. अलेक्सेयेव्हनी सोडलेले एकामागे एक दोन पंख त्यांनी पुन्हा घेतले, पण यानानं पाण्याचा आधार कधी सोडायचाच नाही या अटीवर. त्या अटीत यान स्वतःच उंची सांभाळतं आणि चालवणाऱ्याकडे फक्त सुकाणू आणि इंजिनाचा जोर एवढंच उरतं. होडी चालवणाऱ्या माणसाला हे लवकर जमतं. लिपिशांचे सहकारी हॅनो फिशर यांनी उलटा त्रिकोण पुढे नेला आणि त्यातूनच सिंगापूरचं एअरफिश-८ आलं, आठ प्रवासी, दोन चालक आणि मोटारीचं व्ही-८ इंजिन.

या यानाला जहाज म्हणायचं की विमान, हा वाद आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं २००२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत तीन वर्ग करून मिटवला. पहिल्या वर्गानं आधार सोडायचाच नाही. दुसऱ्यानं थोडा वेळ सोडला तरी १५० मीटरच्या वर जायचं नाही. तिसऱ्याला त्याहून वर जाता येतं. हे वर्ग कागदावर ठरले, पण मुळात ते तोलाचेच वर्ग आहेत.

आपल्या देशात आयआयटी मद्रासच्या आधारानं उभ्या राहिलेल्या वॉटरफ्लाय टेक्नॉलॉजीजनं २०२५ च्या सुरुवातीला कोलकाता ते चेन्नई हा १६०० किलोमीटरचा प्रवास ६०० रुपयांत करण्याचा आराखडा मांडला. यान पाण्यापासून साधारण चार मीटरवर उडणार आहे. महाराष्ट्रात कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीतल्या इमारतीच्या गच्चीवर बांधलेलं विमान २०१६ च्या मेक इन इंडिया सप्ताहात लोकांसमोर आलं. गच्चीवर विमान होऊ शकतं तर धरणाच्या काठावर पाण्यालगतचं यान का होऊ नये? प्राचीन विमानांची वर्णनं सांगणाऱ्या 'वैमानिकशास्त्र' या ग्रंथाबद्दलही पोरं मला विचारतात. त्यांना मी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच अभ्यासकांनी १९७४ साली केलेली तपासणी सांगतो. त्या ग्रंथातली विमानं उडू शकत नाहीत असा त्यांचा निष्कर्ष आहे. आपला वारसा शोधायचा तर तो मला फडात सापडतो. जू हातात तोलणाऱ्या माणसाला गुरुत्वमध्य माहीत होता, आणि त्याच्याकडे पुढचं जड आणि मागचं जड यांना वेगवेगळे शब्द होते. इंग्रजी पुस्तकातला परिच्छेद वाचून दोन महिने न कळलेली गोष्ट माझ्या पोरांना 'उलाळ' म्हटल्यावर लगेच कळली.

बीड, अंबाजोगाई, माजलगावच्या अभियांत्रिकी आणि पदविका शिकवणाऱ्या सगळ्यांना माझी विनंती आहे. वर्षातून एक प्रकल्प या विषयाचा द्या. थर्माकोल, फोम, ड्रोनची मोटर आणि मोजायला एक काठी, एवढ्यावर काम सुरू होतं. पक्षी येण्याच्या जागा सोडा, मासेमारांना विचारूनच पाण्यात उतरा, आणि यान उलटलं की बॅटरी सरकवण्याआधी ते किती उंचीवर उलटलं ते वहीत लिहा.

दुसरी विनंती वाचकांना. आता ऊस बराचसा ट्रॅक्टरवर जातो आणि गाडी भरणारी माणसं थकली आहेत. तुमच्या घरात, गावात अशी माणसं असतील तर वझ्याचे, तोलाचे, जुवाचे शब्द त्यांच्याकडून लिहून घ्या. दादांकडून माझ्या वहीत आजवर चौदा शब्द आले आहेत. दादा आता ऐंशीच्या पुढे आहेत.